हिंदू कॉलनीतलं मोठं घर: दहा महिन्यांचा अनुभव

डोंबिवलीचं वन-बीएचके भाड्याने देऊन आम्ही चौघं गेल्या जूनमध्ये दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत आलो. लेकीला माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता, माझी बँक दादर पश्चिमेला आहे, आणि सकाळच्या फास्ट लोकलला लोंबकळून माझा डावा खांदा कामातून गेला होता.

घर दुसऱ्या मजल्यावर, तीन बेडरूम, १,१०० चौरस फूट कार्पेट. भाडं ८८ हजार, डिपॉझिट चार लाख, शिवाय ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. एवढ्याच पैशांत जवळच्या नव्या टॉवरमध्ये दाखवलेल्या घरात आमचं गोदरेजचं कपाट ठेवलं असतं तर पलंग बाहेर काढावा लागला असता. हे घर त्या मानाने स्वस्त का, ते ब्रोकरने सांगितलं नाही. राहायला आल्यावर शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं: लिफ्ट नाही आणि इमारत रीडेव्हलपमेंटला जायची बोलणी चालू आहेत. म्हणून मालक एक खिळा बदलत नाहीत. न्हाणीघराच्या छताचा पोपडा पडला, तर म्हणाले, "आता कशाला खर्च करायचा?" पडणारा पोपडा आमच्या डोक्यावर पडतो, त्यांच्या नाही. आणखी एक, मागच्या बेडरूमचं भिंतीतलं कपाट मालकांच्या सामानाने भरलेलं आणि कुलूपबंद आहे. घर बघायला जाल तेव्हा प्रत्येक दार उघडून बघा.

करारनाम्याचे ब्रोकरने साडेसात हजार सांगितले. मी बँकेत असल्यामुळे कागद घेऊन बसले. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्याचाही पाव टक्का. अकरा महिन्यांचे झाले अडीच हजारांच्या आसपास, वर नोंदणीचे एक हजार. बाकीचे चार हजार कसले, असं विचारल्यावर ते "ठीक आहे ताई, बघू" वर आले. अंगठे घ्यायला मुलगा मशीन घेऊन घरी आला, त्याचे पैसे मी खुशीने दिले.

आता घराचं कौतुक. छत इतकं उंच की पंख्याची दांडी माझ्या उंचीएवढी आहे. एप्रिलमध्येही दुपारी एसी लावावा लागत नाही. संडास आणि न्हाणीघर वेगळं, म्हणजे सकाळी घरात भांडण नाही. कडप्प्याच्या ओट्यावर पोळ्या लाटायला दोघी उभ्या राहू शकतात. पाणी मात्र पहाटे येतं, टाकी भरून ठेवायची.

पण खरं भाडं आम्ही उंबऱ्याबाहेरच्या रस्त्याचं देतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) दादर-माटुंग्याचा हा भाग आखला. रुंद रस्ते, कडेला झाडं, मध्ये बागा. लेक पाच उद्यानांवरून (फाइव्ह गार्डन्स) वीस मिनिटांत कॉलेजला पोचते, तेही मैत्रिणीशी फोनवर बोलत. मी स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरते, येताना फूलबाजारातून शेवंती आणते. रविवारी माटुंग्याला चालत जायचं, कॉफी दळून आणायची, केळीची पानं आणायची. रिक्षा इथे नाहीच (वांद्रे आणि सायनच्या अलीकडे रिक्षाला बंदी), पण दहा महिन्यांत तिची आठवण दोनदाच आली. दोन्ही वेळा पावसात. हिंदमाताला पाणी तुंबलं की टॅक्सीवाले मान हलवून निघून जातात.

हे सगळं ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याच्यासाठी. सासूबाई ७९ वर्षांच्या. खाली उतरायला ४६ पायऱ्या, आणि जुन्या जिन्याच्या त्या उंच. डोंबिवलीला आजूबाजूला चालण्यासारखं काही नव्हतं, पण लिफ्ट होती. त्या रोज देवळात जायच्या. इथे देऊळ जवळ आहे आणि त्या महिन्यातून एकदा उतरतात, डॉक्टरकडे. पहिले दोन महिने त्या माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. घर बघताना मी खोल्या मोजल्या, पायऱ्या मोजल्या नाहीत, ही चूक माझी.

मग त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली. आता भाजीवाला खालून "आजी, मेथी!" म्हणून ओरडतो, त्या दोरीला बांधून पिशवी सोडतात आणि वरूनच भाव करतात. परवा त्याने पिवळी पडलेली जुडी दिली, तर पिशवी तशीच परत खाली गेली.

पाचपैकी साडेतीन. करार मेमध्ये संपतो. मालक पाच टक्के वाढ मागतायत, मी पोपड्याची दुरुस्ती आणि कपाटाची किल्ली मागितलीय.