जाळी, गाळ, कर्दळ की पाइप?

नाला स्वच्छ करायला थोडा निधी हाती आला की पहिली मागणी जाळीची होते. खर्च कमी, फोटो छान. पण अडलेला कचरा रोज उचलायला माणूस लागतो आणि त्याच्या पगाराची तरतूद सहसा कुणी करत नाही. शिवाय प्लास्टिक अडतं, पाणी काळंच राहतं.

गाळ उपसणं हा पुरावरचा इलाज, घाणीवरचा नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मिठी नदीचा गाळ वर्षानुवर्षं निघतोय, पाण्याचा रंग तोच. त्यात हिशेबाची भानगड. गाळ एकदा ट्रकमधून गेला की किती होता हे कोण सांगणार? मिठीच्याच उपशात ६५ कोटींच्या घोटाळ्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. उपसायचाच असेल तर वजनकाट्याच्या पावत्या मागा.

कर्दळीचा पर्याय मला मनापासून आवडतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या फायटोरिड पद्धतीत सांडपाणी खडीच्या वाफ्यांतून सावकाश सरकतं आणि कर्दळ, पाणकणीस यांच्या मुळांभोवतीचे जीवाणू घाण पचवतात. विजेचा खर्च नगण्य. मात्र जागा हवी. दोन्ही काठांना भिंती घातलेल्या शहरी नाल्यात ती आणणार कुठून?

राहिला पाइप: सांडपाणी नाल्यात शिरण्याआधीच अडवून मलवाहिनीत आणि पुढे प्रक्रिया केंद्रात न्यायचं. महागडं, रेंगाळणारं काम. पालिकेच्या मागे लागूनच करून घ्यावं लागतं. तरी बहुतेक शहरी नाल्यांसाठी माझं मत यालाच. फक्त केंद्रात तेवढी क्षमता शिल्लक आहे ना, हे आधी लेखी विचारा. नाहीतर आपली घाण खालच्या वस्तीला.

ठरवण्याआधी मे महिन्यात एकदा सकाळी साडेसहाला काठावर जाऊन उभे राहा. पाऊस नसताना वाहतंय ते बहुतेक कुणाच्या तरी मोरीतलं. आंघोळींच्या वेळी पातळी चार बोटं चढली, फेस आला, तर घरांचं सांडपाणी समजा. रात्री रंग बदलत असेल किंवा उग्र वास येत असेल तर प्रकरण वेगळं. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तिथे कर्दळ जगणार नाही, जाळीचा उपयोग नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करून नमुने घ्यायला लावा.

निधी दोन-चार लाखांचाच असेल तर नाल्यात उघडणाऱ्या प्रत्येक तोंडाचा नकाशा करून घ्या आणि पाणी प्रयोगशाळेत तपासा. पालिकेच्या अभियंत्यासमोर तो कागद ठेवला की बोलणं मुद्द्यावर येतं.