रोख, यूपीआय लाइट की यूपीआय सर्कल? ऑटिस्टिक तरुणाच्या हाती पैसे देण्याआधी

घरातल्या ऑटिस्टिक किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाणारी अवस्था) असलेल्या तरुणाने स्वतःचा खर्च स्वतः करावा असं वाटत असेल, तर सध्या तीन सोयीचे मार्ग आहेत. खिशात रोख द्यायची, त्याच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआय लाइट (छोट्या रकमा पिनशिवाय देण्याची सोय) चालू करायचं, किंवा आपल्या खात्याला जोडून यूपीआय सर्कल (त्याच्या फोनवरून आपल्या खात्यातले पैसे देण्याची सोय) द्यायचं. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे आणि इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी हे तिन्ही वापरून झालंय. माझं मत आधीच सांगते: जमत असेल तर लाइट घ्या, आणि सर्कल घ्यायचंच असेल तर पूर्ण अधिकाराचं, म्हणजे दर वेळी आपली परवानगी न लागणारं, घ्या.

नुसती सुरक्षितता बघायची तर त्याला घरी बसवणं हाच एक मार्ग उरतो. म्हणून मी दोन गोष्टी बघते. कुणाची वाट न बघता व्यवहार शेवटपर्यंत त्याच्या हातून होतो का? आणि चूक झालीच तर ती किती रुपयांना पडते?

आधी रोख. पाकीट रिकामं झालं की पैसे संपले, हे डोळ्यांना दिसतं. स्क्रीनवरचा आकडा कमी झालेला ज्यांना जाणवतच नाही, अशा एडीएचडी असलेल्या कित्येकांना याचा मोठा आधार वाटतो. पण आपल्या नोटा-नाणी ओळखायला सोपी नाहीत. शंभराची जुनी नोट निळसर हिरवी, नवी फिकट जांभळी, आणि दोन्ही चालतात. विसाची जुनी लालसर, नवी हिरवट पिवळी. दहाची नाणी तर २०१८ मध्येच चौदा वेगवेगळ्या नक्षींची होती. ती सगळी वैध आहेत, असं २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, तरी ती घ्यायला नाक मुरडणारे दुकानदार अजून भेटतात. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि हिशेब अवघड जाणं, असलेल्या माणसाला मागे गर्दी असताना पन्नासातून पस्तीस वजा करून उरलेले पैसे मोजून घ्यावे लागतात, तो ताण वेगळाच.

भावाची खरी अडचण मात्र टॉफीची. सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने पाच रुपयांऐवजी टॉफ्या पुढे केल्या की तो गल्ल्यासमोरून हलत नाही. पाच रुपये म्हणजे पाच रुपये, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. पण रोज सकाळी हा वाद घालायचा म्हणजे माणूस थकतो.

आता सर्कल. ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. खातं आपलं, फोन त्याचा. आपण त्याला दुय्यम वापरकर्ता म्हणून जोडायचं. असे पाच जण जोडता येतात आणि त्यासाठी त्याच्या नावावर खातं असायलाच हवं असं नाही. बँकेत त्याचं खातं निघेपर्यंत ही सोय खरंच उपयोगी आहे. पण तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अंशतः अधिकाराच्या प्रकारात तो स्कॅन करतो, रक्कम टाकतो आणि विनंती आपल्या फोनवर येते. आपण आपला पिन टाकला की पैसे जातात. ऐकायला छान वाटतं. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत रविवारी सकाळी काय होतं ते सांगते. भावाने पोहे-जलेबी घेतली, कोड स्कॅन केला, रक्कम बरोबर टाकली, विनंती पाठवली. आई घरात भाजी चिरत होती आणि तिचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. दुकानदार विचारतोय, ‘‘भिया, हो गया क्या?’’ मागची माणसं हात पुढे करून आपापला कोड स्कॅन करतायत, शेजारच्या साउंडबॉक्समधून एकामागून एक रकमा ऐकू येतायत, तेलाची कढई चरचरतेय. त्याने कानांवर हात ठेवले, पण जागा सोडली नाही, कारण पैसे द्यायचे राहिले होते. त्याच्याकडून एकही पायरी चुकली नव्हती. तरी सगळ्यांच्या नजरेत पैसे देता न येणारा तोच ठरला.

मला या रचनेचा राग येतो. काळजी घरच्यांची, आणि ती मिटवण्यासाठी ताटकळायचं त्याने, तेही आवाज आणि गर्दी जिथे सगळ्यात जास्त तिथे. वर, कमावत्या वयाच्या माणसाने प्लेटभर पोह्यांसाठी आईची परवानगी का घ्यावी?

पूर्ण अधिकाराच्या प्रकारात आपण महिन्याची मर्यादा एकदाच ठरवतो. ती जास्तीत जास्त पंधरा हजारांची आणि एका व्यवहाराला पाच हजारांची असते. आपण कमीही ठेवू शकतो. मर्यादेच्या आत त्याला कुणाला विचारावं लागत नाही. काळजी घरी शांतपणे बसून, एकदाच करायची. उणीव एवढीच की त्याची प्रत्येक खरेदी आपल्याला दिसत राहते. दिसली तरी रोज संध्याकाळी त्यावरून उलटतपासणी घेऊ नका. अंशतः प्रकार मी फक्त एका वेळी सुचवेन: एखाद्या मोठ्या खरेदीत किंवा फसवणुकीच्या भीतीने ‘‘तू पण एकदा बघ’’ असं तो स्वतः म्हणत असेल तेव्हा.

यूपीआय लाइट मला सगळ्यात पटतं. त्याच्या खात्यातली थोडी रक्कम आधीच बाजूला काढायची, मग छोट्या व्यवहाराला पिन लागत नाही. एका वेळी एक हजारापर्यंत देता येतात आणि एकूण पाच हजारांपर्यंत भरून ठेवता येतात. दुकानात स्कॅन, रक्कम, पाठवा, एवढंच. पिन फक्त रक्कम भरताना लागतो, म्हणजे आठवायचं आणि न चुकता टाकायचं अवघड काम घरी, निवांत होतं. पस्तीसऐवजी साडेतीनशे गेले तरी नुकसान भरलेल्या रकमेपुरतंच. मात्र आपोआप रक्कम भरण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर ही मर्यादा नावापुरतीच राहील. रक्कम आधीच भरलेला कोड दाखवणारं दुकान असेल तर आकड्यांशी झगडणाऱ्याला तिथे जाणं सर्वांत सोपं. न बोलणाऱ्या व्यक्तीला स्क्रीनवरची हिरवी खूण पुढे केली की पुरतं.

लाइटच्याही दोन अडचणी आहेत. पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, एकेक खरेदी ॲपमध्येच बघावी लागते. आणि पिन नसल्यामुळे फोनचं लॉक हेच एकमेव कुलूप. बोटाच्या ठशाचं लॉक लावा.

खरी झटापट त्याच्या नावाचं खातं काढताना होते. एका शाखेत आम्हाला ऑटिझम हा शब्द ऐकताच पालकत्वाचं, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारा पालक नेमल्याचं, प्रमाणपत्र मागितलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली ते देते, आणि काही घरांना त्याची गरजही असते. पण स्वतःचा व्यवहार समजणाऱ्या सज्ञान व्यक्तीसाठी, केवळ बँक म्हणते म्हणून, तिकडे धावू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १३ मध्ये स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा समान हक्क लिहिलेला आहे. त्या कलमाची प्रत सोबत नेली, की निदान बोलणं शाखाप्रमुखांपर्यंत पोचतं.

टॅप करायचं कार्ड पाच हजारांपर्यंत पिनशिवाय चालतं, मॉलमध्ये ठीक आहे. पोह्यांच्या ठेल्यावर त्याचं यंत्र नसतं.

थोडक्यात निवड अशी: हातातून पैसा भराभर सुटत असेल तर आठवड्याची रोख किंवा कमी रक्कम भरलेलं लाइट. हिशेब अवघड जात असेल, गर्दी सोसत नसेल तर लाइटच. खातं अजून निघालं नसेल तर तोवर पूर्ण अधिकाराचं सर्कल, महिन्याची मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवलेली. आणि यांपैकी काहीही घेतलं तरी फोनच्या कव्हरमागे शंभराची एक नोट असू द्या, बॅटरी संपली तर रिक्षाने घरी येता येतं.