माशांच्या खाद्यातील स्पिरुलिना: एक हिवाळा ओलांडल्यानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेच्या शेततळ्यांत आम्ही जोडधंदा म्हणून रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे पाळतो. पावसाळ्यात बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सोडल्यापासून थंडी ओसरेपर्यंत एका तळ्यातील तरंगत्या खाद्याला स्पिरुलिना या निळसर-हिरव्या सूक्ष्म शेवाळाची भुकटी लावली आणि दुसऱ्या तळ्यात तेच खाद्य भुकटीविना दिले. शेजारशेजारची दोन तळी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, एवढे धरूनच पुढचे वाचावे.

स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात, परंतु प्रथिने तयार खाद्यातही मिळतात. त्यासाठी कोणी एवढी महाग भुकटी घेऊ नये. तिच्यातील कॅरोटीन, फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य आणि काही बहुशर्करा माशाच्या जन्मजात प्रतिकारशक्तीला चालना देतात, हे तिचे खरे मोल. शिवाय तिच्या पेशीला सेल्युलोजचे कठीण कवच नसल्यामुळे ती सहज पचते. क्लोरेला हे दुसरे सूक्ष्म शेवाळ वापरायचे असल्यास कवच फोडलेली भुकटीच घ्यावी लागते. आमच्यासारख्या प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यांना तिची गरज अधिक, असे माझे मत आहे, कारण तेथे तळाशी माती नसते, नैसर्गिक प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी तयार होतात आणि मातीच्या तळ्यातील माशाला आपसूक मिळणारे शेवाळ येथे खाद्यातूनच द्यावे लागते.

प्रमाण मी किलोभर खाद्याला १० ग्रॅम ठेवले. फायकोसायनिन पाण्यात विरघळते, त्यामुळे भुकटी नुसती पाण्यात कालवून गोळ्यांवर शिंपडली तर गोळी तळ्यात पडताच निळसर छटा सुटताना दिसते आणि पैसे पाण्यात जातात. भुकटी लावून झाल्यावर गोळ्यांवर माशाच्या तेलाचा हलका हात फिरवला की ही गळती बरीच थांबते. वाळवण सावलीतच करावे, उन्हात आणि उष्णतेत हे रंगद्रव्य टिकत नाही. खरेदीच्या वेळी चिमूटभर भुकटी पेलाभर पाण्यात ढवळून ठेवावी. काही वेळाने पाण्यात निळा रंग उतरला नाही तर माल जुना किंवा भाजलेला समजावा. जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागावा, आणि विक्रेता तो देण्यास टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जावे.

वाढीत मला सांगण्याजोगा फरक आढळला नाही. फरक दिसला तो थंडीत. निफाडचा पारा उतरू लागला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि तळ्यातले मासे खाद्याकडे पाठ फिरवतात. याच काळात जाळे ओढताना लागलेल्या जखमांवर बुरशी चढते, खवले गळतात, अंगावर लाल चट्टे उठतात. स्पिरुलिनाच्या तळ्यातील अशा जखमा लवकर भरल्या आणि मरही कमी झाली. मात्र गार पाण्यात मासा खातच नसल्यामुळे तेव्हा भुकटी सुरू करणे निरर्थक आहे. ती आधीच्या आठवड्यांत पोटात गेलेली असावी लागते. माशांच्या उवा दोन्ही तळ्यांत सारख्याच झाल्या. ढगाळ हवेत पहाटे प्राणवायू खाली गेला तेव्हा दोन्हीकडचे मासे सारखेच वर येऊन तोंडे उघडू लागले, आणि तेथे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, म्हणजे एरेटरच उपयोगी पडला.

पालघर किनाऱ्यावर व्हेनामी कोळंबी करणाऱ्या एका परिचितांनीही हा प्रयोग केला आहे, परंतु त्यांचे गणित निराळे आहे. कोळंबीच्या शरीरात माशासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने लस उपयोगी पडत नाही आणि सगळा भार जन्मजात प्रतिकारशक्तीवर येतो. सूक्ष्मशैवालाला तेथे मान आहे तो यामुळेच. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत तर पिल्लांना कीटोसेरोस, स्केलेटोनेमा यांसारखी जिवंत डायटम शैवाले कित्येक दशके खाऊ घातली जात आहेत. तरीही पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तळ्यात शिरला की ३ ते १० दिवसांत जवळपास सगळे पीक जाऊ शकते. रोगमुक्त बीज, पाण्याचे निर्जंतुकीकरण आणि विषाणू वाहून आणणाऱ्या खेकड्यांना अटकाव यांवरचा खर्च काटून तो भुकटीवर करणे, हा त्यांच्या शब्दांत शुद्ध वेडेपणा. मला तो शब्द पटतो, विशेषतः भुकटीच्या पाकिटावर ‘सर्व रोगांवर खात्रीशीर’ असे छापलेले दिसते तेव्हा.

खर्चाचे म्हणाल तर भुकटी ७०० रुपये किलो धरली की खाद्याचा किलोमागे भाव ७ रुपयांनी वाढतो, तेलाचे वेगळे. रोहू-कटल्याला मिळणाऱ्या दरात वर्षभर एवढा बोजा परवडत नाही. म्हणून यंदा बोटुकली सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे, आणि पुढे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून मासा खाणे कमी करेपर्यंत, एवढ्याच काळात ती द्यायची असे ठरवले आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी उपसल्यामुळे तळे खाली जाते आणि माशांची दाटी होते. त्या वेळी भुकटीवर खर्च करण्यापेक्षा मोठे मासे काढून विकलेले बरे.