फर्नेस ‘नवी कोरी’ म्हणून विकली, आणि छतातून गॅसचा पाइप निघाला

घर गरम ठेवण्यासाठी लाकूड किंवा कोळशावर चालणारी फर्नेस, म्हणजे मोठी भट्टी, घरात बसवून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमची फसवणूक झाली आणि ती फक्त पैशांवर निभावली. वरच्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंचा त्यात जीव जाऊ शकला असता.

विकणारा आणि बसवून देणारा माणूस एकच होता. ओळखीतून आलेला, बोलायला गोड. ‘वहिनी, निर्धास्त राहा, मशीनपासून चिमणीपर्यंत सगळं माझ्याकडे.’ त्याने सांगितलं होतं की फर्नेस नवी आहे, लाकूड आणि कोळसा दोन्ही चालतात, चिमणी स्टेनलेस स्टीलची इन्सुलेटेड आहे आणि काम झाल्यावर तपासणीचा कागदही मिळेल. यातली एकही गोष्ट खरी निघाली नाही. पण तळघरात उभं राहून बघितलं असतं तर तुम्हालाही काम चोख वाटलं असतं. काळा कुळकुळीत रंग, सरळ उभा पाइप, छताला बसवलेली चकचकीत चकती.

पहिल्यांदा पेटवली तेव्हा घरभर वास सुटला. तो म्हणाला, नवा रंग भाजला जातोय, दोन-चार वेळा पेटवल्यावर जाईल. हे खरं आहे. नव्या फर्नेसचा उष्णतारोधक रंग पहिल्या काही आगींत पक्का होतो आणि तेव्हा वास येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून लहान आगी करायच्या असतात. अशी माणसं अर्धं खरं बोलतात, आणि पुढचं खोटं त्या खऱ्याच्या आधाराने खपवतात. काही दिवसांनी वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. आम्ही फोन केला, तर म्हणाला, ‘रंगाच्या वाफेने वाजतात ते. बॅटरी काढून ठेवा, रंग पक्का झाला की परत घाला.’

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय. असं कुणी सांगितलं तर त्या क्षणी त्या माणसावरचा विश्वास संपवा. रंगाच्या धुराने धुराचा अलार्म वाजू शकतो, पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला की तो वायू आहे असंच धरायचं. सगळ्यांनी बाहेर जायचं आणि मदत बोलवायची. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळत नसतो. सासूबाई रोज सकाळी म्हणायच्या, ‘अगं, उठल्यापासून डोकं धरलंय, मळमळतंय.’ दुपारी अंगणात बसल्या की बरं वाटायचं. वयामुळे असेल, थंडीमुळे असेल, असं सगळे म्हणत होते. घरात डोकं दुखणं आणि बाहेर गेल्यावर उतरणं, हेच या विषबाधेचं नेहमीचं लक्षण. अलार्म वाजल्यावर आम्ही बॅटरी काढली नाही. आग विझू दिली, घर उघडं टाकलं, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं आणि चिमणी तपासणारा दुसरा, प्रमाणित माणूस बोलावला.

त्याने फर्नेसकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी टॉर्च घेऊन पाइपाच्या सांध्यांकडे गेला. प्रत्येक सांध्याखाली तपकिरी-काळे ओघळ आले होते, काही वाळून चकाकत होते. आम्हाला तो रंगाचा दोष वाटला होता. त्याने दाखवलं की पाइपाच्या प्रत्येक तुकड्याचं एक टोक चुण्या पाडून अरुंद केलेलं असतं. ते टोक खाली, फर्नेसच्या दिशेने यायला हवं, म्हणजे आत जमणारा चिकट द्रव आतल्या आतच खाली वाहतो आणि आगीत जळतो. आमच्याकडे सगळे तुकडे उलटे लावले होते, म्हणून तो द्रव प्रत्येक जोडातून बाहेर झिरपत होता. सांध्याला तीन-तीन स्क्रूही नव्हते. कुठे एक होता, तर कुठे नुसता टेप. धूर वर जातो म्हणून अरुंद टोक वर लावायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण विचार धुराचा करायचा नसतो, ओघळाचा करायचा असतो.

हा द्रव म्हणजे क्रिओसोट. ओलं लाकूड किंवा कोंडलेली, मंद आग असली की धूर वर जाताना थंड होतो आणि त्यातलं डांबर पाइपाच्या आत बसतं. ते वाळून कडक होतं आणि एक दिवस पेट घेतं. चिमणीतल्या या आगीचं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं. आता पुढचं वाचताना हा आकडा लक्षात ठेवा.

तपासणाऱ्याने छताजवळच्या पाइपावरचा काळा रंग पात्याने खरवडला. खाली कंपनीचं लेबल होतं, आणि त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की हा पाइप फक्त गॅसच्या उपकरणांसाठी आहे. गॅसचा हा पाइप दुपदरी असतो, पण आतला पदर ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लाकडाच्या चिमणीत आग लागली असती तर आतला पदर गळून पडला असता आणि पुढची आग थेट छताच्या लाकडात गेली असती. रंग लेबल झाकण्यासाठीच मारला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाकी पाइपाला मारलेला रंग पातळ होता, लेबलावर मात्र जाड थर.

इन्सुलेटेड चिमणी ओळखायची कशी, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोहचुंबकाने कळत नाही, कारण बाहेरचा पत्रा दोन्हीत लोखंडी असू शकतो आणि आतल्या स्टेनलेसला बहुधा चुंबक लागत नाही. वजनाने थोडं कळतं. इन्सुलेशन भरलेला तुकडा उचलायला जड लागतो आणि कापलेल्या कडेला दोन पदरांमध्ये भरलेलं पांढुरकं इन्सुलेशन दिसतं, तर गॅसच्या पाइपात नुसती हवा असते. पण खरी ओळख प्रत्येक तुकड्यावर असलेल्या छापाची. अमेरिकेत लाकडासाठीच्या चिमणीवर ‘यूएल १०३ एचटी’ असतं, म्हणजे ती सुमारे ११५० अंशांच्या चाचणीतून गेलेली असते. युरोपीय मानकाच्या चिमणीवर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब साखळी असते. तिच्यात ‘जी’ हे अक्षर असेल तर ती आतल्या काजळीच्या आगीला टिकते, आणि त्यापुढचा आकडा जळाऊ वस्तूपासून किती मिलिमीटर अंतर हवं ते सांगतो. ‘ओ’ असेल तर ती आगीला टिकत नाही. छाप नसेल, रंगाखाली असेल किंवा भिंतीकडे फिरवलेला असेल, तर तो तुकडा बसवू देऊ नका.

छताची चकती काढल्यावर जे दिसलं ते पाहून माझा नवरा खालीच बसला. पाइप आणि लाकडी वासा यांच्यात बोटभरही जागा नव्हती, आणि जी होती तिच्यात छताचं इन्सुलेशन कोंबलेलं होतं. वाशाची पाइपाकडची बाजू भाजून कॉफीसारखी तपकिरी पडली होती. एरवी लाकूड पेटायला साधारण २५० अंश लागतात. पण तेच लाकूड महिनोन् महिने तापत राहिलं की हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. म्हणून असं चुकीचं काम पहिल्या थंडीत काहीच दाखवत नाही. बसवणारा मोकळा होतो, आणि घर दोन-तीन वर्षांनी जळतं. अशा वेळी चौकशीत सगळे म्हणतात, इतकी वर्षं तर नीट चालली होती.

अंतरांचे आकडे घरात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. कंपनीने चाचणी करून कमी अंतर दिलेलं नसेल, तर अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए २११ या मानकाप्रमाणे उपकरणापासून जळाऊ भिंत किंवा सामान ३६ इंच लांब हवं, आणि एकपदरी पाइपापासून १८ इंच. छतातून जाणाऱ्या इन्सुलेटेड चिमणीभोवती बहुतेक कंपन्या २ इंच मोकळी हवा मागतात. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी, त्यात इन्सुलेशन भरायचं नाही. छपरावर चिमणी जिथून बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. आमची चिमणी छपराच्या कण्याच्या खालीच संपवली होती. वारा आला की धूर उलटा खाली यायचा, आणि सासूबाईंच्या डोकेदुखीचं एक कारण ते होतं.

दुसरं कारण फर्नेसमध्ये होतं. मागचं पॅनेल काढल्यावर आतल्या उष्णता-विनिमयकावर, म्हणजे ज्या पत्र्याच्या एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला घरात जाणारी हवा असते त्यावर, वेल्डिंगचा जुना टाका दिसला आणि त्याच्या शेजारी केसासारखी भेग. ‘नवी कोरी’ फर्नेस कुणाच्या तरी घरातून काढून, डागडुजी करून, रंगवून आणली होती. डेटा प्लेट, म्हणजे मॉडेल आणि इंधन छापलेली धातूची पट्टी, होती, पण रिव्हेट नव्या आणि खालचा पत्रा घासलेला. तिच्यावरच्या मॉडेलची पुस्तिका त्याने झेरॉक्स करून दिली होती. तपासणाऱ्याने पुस्तिकेतलं चित्र फर्नेसशेजारी धरलं. चित्रात खाली राखेचं वेगळं दार आणि हलवायची जाळी होती, आमच्या फर्नेसला दोन्ही नव्हतं.

ही बारीक गोष्ट वाटेल, पण ‘दोन्ही चालतं’ हे खोटं इथेच उघडं पडलं. लाकूड राखेच्या थरावर, वरून मिळणाऱ्या हवेवर चांगलं जळतं. कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते, निखाऱ्यांचा जाड थर लागतो आणि राख झाडायला जाळी हलवता यावी लागते. फक्त लाकडासाठी बनवलेल्या फर्नेसमध्ये कोळसा टाकला तर एक तर तो विझतो, नाही तर तळ आणि बाजूचे पत्रे जाळून काढतो. शिवाय कोळशाच्या धुरात गंधक असतं. ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि ते साध्या पत्र्याचा पाइप खाऊन टाकतं. म्हणून इंधनाचा प्रश्न तोंडी सोडवायचा नाही. प्लेटवर कोणती इंधनं छापली आहेत तेच खरं.

विकणाऱ्या माणसाला बोलावलं. आधी म्हणाला, तुमचं लाकूड ओलं असेल. लाकूड ओलं असलं तर क्रिओसोट वाढतो हे बरोबर, लाकडात २० टक्क्यांहून कमी ओलावा हवा. पण ओल्या लाकडाने लेबल रंगवलं जात नाही. मग म्हणाला, ‘सगळीकडे असंच बसवतो, कुणाची तक्रार नाही.’ शेवटी त्याने बिल पुढे केलं. बिलात एकच ओळ होती: ‘फर्नेस, चिमणी सामान व फिटिंग, एकरकमी.’ नवी की जुनी, चिमणी कोणती, काहीच नाही. तपासणीचा कागद त्याने स्वतःच भरून स्वतःच सही केलेला होता.

आम्हाला वाचवलं ते मेसेजनी. ‘नवी कोरी आहे, कोळसाही बिनधास्त टाका’ हे त्याने लेखी पाठवलेलं होतं. खरवडलेलं लेबल, भाजलेला वासा आणि भेग यांचे फोटो, दुसऱ्या तपासणाऱ्याचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद, एवढं घेऊन तक्रार केली तेव्हा काही रक्कम परत आली. पूर्ण आलेली नाही, प्रकरण चालू आहे. तक्रार होईपर्यंत आम्ही काढलेला एकही तुकडा त्याला परत नेऊ दिला नाही. तो ‘बदलून देतो’ म्हणत गाडी घेऊन आला होता. पुरावा त्याच गाडीतून गेला असता. घराच्या विमा कंपनीलाही लगेच कळवा. चुकीच्या बसवणुकीमुळे आग लागली तर भरपाई नाकारली जाऊ शकते.

नवं काम दुसऱ्याकडून करून घेतलं तेव्हा बिलात प्रत्येक तुकड्याचं वर्णन, मॉडेल क्रमांक आणि मानक लिहून घेतलं, आणि छत व भिंती बंद करण्याआधी आम्ही स्वतः फोटो काढले. जुन्या गॅस गीझरच्या धुराड्यात जोडून देतो, पैसे वाचतील, असं एकाने सुचवलं होतं. त्याला तिथेच नाही म्हणालो. लाकूड-कोळशाच्या उपकरणाला स्वतंत्र धुराडं हवं. बसवणाऱ्याने चिमणीचा ओढा, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, मोजून दाखवला, साधारण १२ पास्कल आला. वीज गेली आणि गरम हवा घरात ढकलणारा पंखा बंद पडला तर फर्नेसमधली उष्णता कुठे जाणार, हेही त्याने विचारल्यावाचून समजावलं. राखेसाठी झाकणाचा धातूचा डबा घेतला, तो घराबाहेर, लाकडी ओट्यापासून लांब ठेवतो, कारण राखेतले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

तुमच्याकडे कुणी आधीच बसवून गेलं असेल, तर फर्नेस पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन जा. सांध्यांखाली ओघळ आहेत का बघा, प्रत्येक तुकड्यावर छाप शोधा, डेटा प्लेटच्या रिव्हेट आणि पुस्तिकेतलं चित्र ताडून बघा, छताच्या चकतीभोवती लाकूड किंवा रंग तपकिरी झालाय का ते पाहा. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. यातलं काहीही खटकलं तर विकणाऱ्याला नाही, त्याच्याशी संबंध नसलेल्या प्रमाणित तपासणाऱ्याला बोलवा, आणि तो छत उघडून बघेपर्यंत पेटवू नका.