तापीच्या मुखासाठी कोणतं मॉडेल घ्यावं?

तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खानदेशात त्याची बातमी होते. तेच पाणी पुढे उकाई, काकरापार ही धरणं ओलांडून सुरतेपाशी खंबातच्या आखाताला मिळतं. तिथल्या जीवसृष्टीवर प्रकल्प करू पाहणारे जळगाव-धुळ्याचे विद्यार्थी हमखास विचारतात: पेटी-मॉडेल की इकोपाथ?

पेटी-मॉडेलात अख्खं नदीमुख एक हौद धरायचा आणि मिठाचा हिशेब मांडायचा. उदाहरणादाखल, समुद्राची क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ आणि मुखातली सरासरी २१ धरा; म्हणजे मुखातलं ४० टक्के पाणी नदीचं. हौद ५ कोटी घनमीटरचा असेल तर गोडं पाणी २ कोटी. नदीतून रोज २० लाख घनमीटर येत असेल, तर ते बदलायला १० दिवस लागतात. सूक्ष्म शेवाळ दोनेक दिवसांत दुप्पट होऊ शकतं, म्हणजे त्याला वाढायला भरपूर सवड आहे. विसर्ग निम्मा झाला म्हणून १० चे थेट २० दिवस करू नका; क्षारताही वाढलेली असते, ती पुन्हा मोजावी लागते. उन्हाळ्यात प्रवाह जवळपास थांबला की हे सूत्र निरुपयोगी ठरतं. शिवाय खंबातचं पाणी इतकं गढूळ, की खत भरपूर असूनही उजेडाअभावी शेवाळ वाढत नाही. नितळ खाडीचे आकडे इथे उचलले की अंदाज चुकलाच!

इकोपाथ कोण कोणाला किती खातं याचा ताळेबंद मांडतं. १९८४ मध्ये शास्त्रज्ञ पोलोविना यांनी हवाई बेटांजवळच्या प्रवाळांसाठी ते प्रथम वापरलं. मासेमारी वाढली तर काय, हा प्रश्न पेटीला पेलत नाही. इकोपाथला त्याचा कालानुसार चालणारा जोडीदार इकोसिम जोडला की पेलतो. पण प्रत्येक जीवगटाचा जैवभार (एकूण वजन), वाढ, आहार लागतो. माशांची पोटं तपासायला वर्ष जातं. आहाराचा तक्ता दुसऱ्या खाडीतून उसना घेतला, तर ताळेबंद जुळतो, पण तो तापीचा राहत नाही.

डेल्फ्ट-थ्रीडीसारखं पाण्याच्या प्रवाहाचं त्रिमितीय मॉडेल तळाची खोली आणि भरतीच्या सविस्तर नोंदी असल्याशिवाय घेऊ नका.

हाताशी सहाच महिने असतील तर माझं मत पेटीला. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, भरती-ओहोटी दोन्ही वेळा, तळाचं आणि वरचं पाणी वेगळं घ्या. मासळी उतरते त्या बंदरावर वर्षभर जाता येणार असेल, तरच इकोपाथ.