आधी रक्त, मग सुई: ‘मेंदूच्या नसा’ तपासणाऱ्या शिबिरात पैसे कसे जातात

कापसाचा पहिला चुकारा हाती पडला की गावात ‘मोफत मेंदू व नस तपासणी शिबिरा’चा भोंगा फिरतो. समाजमंदिरात दोन टेबलं, एक लॅपटॉप, पांढरा कोट घातलेला एक माणूस आणि नावं लिहून घेणारी एक मुलगी. तपासणी खरंच मोफत असते. पैसे पुढे लागतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची फाइल समोर ठेवून हे लिहिलं आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. घरातली बाई पंचेचाळिशीच्या पुढची. बचत गटाची वही तीच लिहायची. सहा-सात महिन्यांपासून बेरजा चुकू लागल्या, बोलताना शब्द सापडेना, दुधाखाली गॅस तसाच राहू लागला. पायाला मुंग्या यायच्या, अंधारात चालताना तोल जायचा. शुगरसाठी मेटफॉर्मिन बऱ्याच वर्षांपासून चालू होतं आणि जळजळीसाठी रोज उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल. ‘डोकं चालूनच नाही राह्यलं,’ एवढीच तक्रार घेऊन ती शिबिरात गेली. गोळ्यांबद्दल तिथे कोणी विचारलंच नाही. जाणकाराला पहिला संशय यावा असं सगळं त्या दोन गोळ्यांत आणि पायाच्या मुंग्यांत होतं.

शिबिरातलं यंत्र म्हणजे एक छोटी डबी. तिला वायरीने जोडलेला धातूचा दांडा मुठीत धरायला देतात. त्याआधी नाव, वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष हे लॅपटॉपमध्ये भरतात. मिनिटभरात पडद्यावर रंगीत पट्ट्या नाचतात आणि हृदयापासून हाडांपर्यंत सगळ्याचे आकडे छापून निघतात. मुठीत धरलेल्या दांड्यावरून रक्तातलं बी-12, थायरॉइड किंवा मेंदूचा रक्तपुरवठा मोजण्याची कुठलीही पद्धत अस्तित्वात नाही. आकडे येतात ते मुख्यतः भरलेल्या वय-वजनावरून. दांडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तरी ‘माणसाचा’ अहवाल निघतो. पारख करायचीच असेल तर एकाच माणसाने दोन वेगळ्या वयांनी दोनदा नाव नोंदवावं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. कागदावर नमुना घेतल्याची वेळ, तपासणीची पद्धत, प्रयोगशाळेचा पत्ता आणि सही करणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नसेल तर तो रिपोर्ट नव्हे. या बाईच्या कागदावर ‘मेंदूच्या नसा 38 टक्के बंद’ असं होतं. असं माप वैद्यकात नाही.

मग ‘कोर्स’ निघाला. तीन महिन्यांची पुडी, केस-नखं-मेंदूसाठी म्हणून एक कॅप्सूल, पाच लाल सुया आणि ‘विष काढण्यासाठी’ पाय बुडवायचं यंत्र. सगळे मिळून 18,500 रुपये, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता दिल्याबरोबर, तिथेच, खुर्चीवर बसवून पहिली लाल सुई दिली.

पैशापेक्षा मोठं नुकसान त्या सुईने केलं.

लाल रंगात जादू काही नाही. जीवनसत्त्व बी-12 मुळातच लाल असतं आणि त्याचं इंजेक्शन मेडिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतं. शिबिरात बाटलीवरची चिठ्ठी फाडलेली असते, म्हणून ते ‘नसांचं खास औषध’ होतं. बाईला बी-12 ची कमतरता असण्याची दाट शक्यता होतीच. मेटफॉर्मिन बी-12 चं शोषण कमी करतं, पॅन्टोप्रॅझोल पोटातलं आम्ल कमी करून अन्नातलं बी-12 सुटू देत नाही, त्यात घर शाकाहारी. म्हणजे सुई योग्य रोगावर पडली असेल. पण रक्त घेण्याआधी पडली. एका सुईनंतर रक्तातलं बी-12 पुढचे कित्येक आठवडे वरच दिसतं. कमतरता पकडायच्या दुसऱ्या तपासण्या असतात, होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिडच्या. उपचार सुरू झाले की एक-दोन आठवड्यांत त्याही उतरतात. पुढे हीच बाई तालुक्याला गेली तेव्हा बी-12 ‘2000 च्या वर’ आलं आणि कागदावर शेरा पडला: बी-12 ठीक, दुसरं कारण शोधा. कारण हातात होतं, पुरावा धुऊन गेला होता.

शिबिरवाल्यांना हे कळत असो वा नसो, त्यांचा धंदा यावरच चालतो. तपासणीच्या आधी उपचार दिला की त्यांना खोटं ठरवणारा कागदच तयार होत नाही. थोडं बरं वाटलं तर श्रेय पुडीला, नाही वाटलं तर ‘नसा फार सुकल्या आहेत, अजून तीन महिने’. बी-12 च्या कमतरतेत पाच सुयांनी भागत नाही. मज्जातंतूंवर परिणाम झाला असेल तर डॉक्टर सुरुवातीला जवळजवळच्या अंतराने बरेच डोस देतात, मग कमतरतेचं कारण कायम असेल तर दीर्घकाळ. मध्येच तुटलं तर मुंग्या आणि विस्मरण परत येतं आणि उशीर झाला तर काही नुकसान भरून येत नाही.

दुसरा घोळ कॅप्सूलने केला. तिच्यात 10 मिलिग्रॅम बायोटिन होतं. रोजच्या गरजेच्या तुलनेत हे शेकडो पट आहे. बायोटिनने अपाय फारसा होत नाही, पण थायरॉइडच्या कित्येक तपासण्या ज्या रसायनावर चालतात त्यात बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) खोटं कमी आणि टी-3, टी-4 (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) खोटं जास्त येऊ शकतं. बाईचा कागद नेमका असाच आला. थायरॉइड वाढलंय समजून गोळी सुरू होणार होती. ‘आणखी काय खाता?’ हा प्रश्न वेळेवर विचारला गेला म्हणून वाचलं. कॅप्सूल बंद ठेवून आठवडाभराने पुन्हा रक्त घेतलं तर टीएसएच नॉर्मल. अशा कॅप्सूल घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबवाल्याला आणि डॉक्टरला सांगा. निदान दोन-तीन दिवस, डोस मोठा असेल तर आठवडाभर थांबून नमुना द्या.

तिसरा घोळ पुडीचा. तिच्यात काय असतं ते डोळ्यांनी कळत नाही, पण लक्षणांवरून कळतं. चार-सहा दिवसांत एकदम तरतरी, भूक खवळणं, सांधे मोकळे, रात्री झोप नाही, काही आठवड्यांत चेहरा गोल आणि शुगर भडकलेली. हे सगळं जुळलं तर पुडीत स्टिरॉइड मिसळल्याचा संशय घ्या. बाईची उपाशीपोटीची शुगर पुडी सुरू झाल्यावर 140 वरून 260 वर गेली होती आणि वाढलेली शुगर स्वतःच डोकं जड करते. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. अशी पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर रागाच्या भरात एकदम फेकून देऊ नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक बंद केलं तर बीपी कोसळून, उलट्या होऊन माणूस गंभीर होतो. पुडी घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा, किती दिवस घेतली ते सांगा, कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. काही पुड्यांत झोपेच्या गोळीचा चुरा असतो, तीही एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून दिलेल्या भस्मांत शिसं सापडल्याच्या नोंदी वैद्यकात भरपूर आहेत, आणि शिशाने विस्मरण, पोटदुखी, रक्त कमी होणं हे सगळं होतं. नोंदणीकृत वैद्याने बाटलीवर परवाना आणि बॅच क्रमांक असलेलं औषध दिलं तर गोष्ट वेगळी.

पाय बुडवायच्या यंत्राबद्दल थोडक्यात. टबात मीठ, पाण्यात दोन लोखंडी पट्ट्या, वीज. पाणी तांबडं होतं ते पट्ट्या गंजून. पाय बाहेर ठेवून यंत्र चालू करा, पाणी तेवढंच तांबडं होईल. फवारणीचं ‘विष’ तळपायातून निघत नाही.

फवारणीवरून मात्र खरा मुद्दा आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांत माणसं दगावली, ते इथे कोणी विसरलेलं नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी डोकं दुखणं, घाम, लाळ, डोळ्याची बाहुली बारीक होणं, गोंधळ उडणं हे त्याच दिवशी होतं, आणि काहींना लक्ष न लागणं, विसरणं पुढेही राहतं. त्यासाठी कोलिनेस्टरेज ही रक्ततपासणी आहे. रक्तद्रवातली पातळी काही आठवड्यांत पूर्ववत होते, लाल पेशींतली तीन-चार महिन्यांत. म्हणून फवारणीनंतर त्रास झाला तर तेव्हाच रक्त द्यावं आणि औषधाच्या डब्याचं लेबल सोबत न्यावं. उन्हाळ्यात जाऊन ‘पावसाळ्यात फवारलं होतं’ म्हटलं तर तपासणी बहुधा नॉर्मल येते. त्याचा अर्थ विष नव्हतंच असा नव्हे.

मग डोकं चालत नसेल तर जायचं कुठे? आधी पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा ग्रामीण रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार निःशुल्क आहेत. सगळ्या तपासण्या सगळीकडे होतात असं नाही, पण सुरुवात तिथून होते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, शेजारणीने दिलेलीसुद्धा. सर्दीची आणि खाजेची क्लोरफेनिरामिन, झोपेची अल्प्राझोलाम, मुंग्यांवरची ॲमिट्रिप्टिलिन, फिटची फेनिटॉइन, यातली कुठलीही डोकं बधिर करू शकते, म्हातारपणी जास्तच. बीपीची लघवी वाढवणारी गोळी सोडियम उतरवू शकते. उन्हाळ्यात म्हातारं माणूस भलतंसलतं बोलू लागलं तर हे आधी आठवावं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, दाखवा.

रक्तात पहिल्या फेरीत एवढं मागा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-12, टीएसएच, उपाशीपोटीची शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, एसजीपीटी (यकृतासाठी), कॅल्शियम, रक्त कमी असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा). एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) डॉक्टर सुचवतील, नाही म्हणू नका. बी-12 चा आकडा 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता, 200 ते 300 म्हणजे काठावर. सीबीसीतल्या पेशी मोठ्या दिसल्या नाहीत म्हणून बी-12 ठीक आहे असं समजू नये. सोबत लोहाची कमतरता असेल तर पेशींचा आकार मध्येच कुठेतरी राहतो. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खाऊन रक्त वाढतं, पण बी-12 अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्याची साधी सोल्युबिलिटी चाचणी फक्त चाळणी आहे. नक्की करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी लागते. सिकलसेल असलेल्यांत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) फसवू शकतं, म्हणून शुगर थेट मोजावी. रक्त देण्याआधी सुई, सलाईन, टॉनिक काही नको.

एमआरआयची घाई करू नये. बी-12, थायरॉइड, शुगर, औषधांचा परिणाम, घोरून अपुरी होणारी झोप आणि मनाची उदासी यांचं निदान एमआरआयने होत नाही. उदासीत लक्ष आणि स्मरण दोन्ही जातं, माणूस मात्र ‘डोकं गेलं’ एवढंच सांगतो. कर्ज आणि नापिकीच्या वर्षी हा प्रश्न घरच्यांनीच विचारायला हवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे. डॉक्टरने मेंदूविकार तज्ज्ञाकडे पाठवलं तर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, तिथलंच एम्स किंवा सेवाग्रामचं रुग्णालय, असा रस्ता आहे. चिठ्ठी आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत असू द्या, शिबिराचा रंगीत कागदही.

काही बाबतीत मात्र रांगेत थांबायचं नसतं: एकाएकी गोंधळ, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एक बाजू लुळी पडणं, तापासोबत मान कडक होणं, फिट येणं. म्हातारं माणूस पडलं, दोन-चार आठवड्यांनी सुस्त झालं, तर डोक्यात हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. सरळ रुग्णवाहिकेच्या 108 ला फोन करा.

पैसे गेले असतील तर पुढचं असं. पुडीचं एक पाकीट न फोडता ठेवा, एक फोडलेलं. सुईची रिकामी बाटली, यूपीआयचे व्यवहार, शिबिराचं पत्रक, भोंग्याचा व्हिडिओ, सगळं तारखेनिशी एका फाइलला लावा. पांढऱ्या कोटवाल्याने सांगितलेला नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. नोंदणी नसताना रुग्ण तपासणं हा 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली गुन्हा आहे. लेखी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पोलिसांत द्या, पोच घ्या. मेंदूचे विकार बरे करण्याच्या औषधांची जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंद आहे, त्यासाठी आणि पुडीतल्या भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय. मोबाइलवर लिंक पाठवून पैसे उकळले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. ग्राहक म्हणून सल्ल्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. या फाइलमधल्या बाईकडे दुसऱ्या हप्त्याची पावती नव्हती, पण तो फोनवरून गेला होता, म्हणून बँकेच्या पासबुकातली नोंद पुरावा म्हणून लावता आली.