ऑब्सिडियनमध्ये मराठी नोंदी: ९ महिन्यांनंतर टॅग कमी, दुवे जास्त

कोकणातल्या आमच्या घराच्या आणि बागेच्या नोंदी मी गेल्या ऑगस्टपासून ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये ठेवते आहे. कोणत्या कलमावर कधी फवारणी झाली, पंप कुणी दुरुस्त केला, बाबा फोनवर काय म्हणाले, सगळं सुचेल तसं लिहिते. आता ४०० नोंदी झाल्यात.

सुरुवातीला मी फक्त टॅग लावत होते. दोन महिन्यांत #आंबा, #आंबे, #हापूस आणि #कलमं असे चार टॅग एकाच गोष्टीसाठी तयार झाले. टॅग उघडला की लांबलचक यादी यायची आणि हवी ती नोंद वाचत वाचतच शोधावी लागायची. आता विषयासाठी मी टॅग लावतच नाही. नोंद कोणत्या अवस्थेत आहे तेवढंच टॅग सांगतो: #अर्धवट, #विचारायचंय. बाबांना फोन करण्याआधी #विचारायचंय उघडते, आणि हा टॅग मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे.

विषयासाठी दुवे, म्हणजे एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे नेणारी जोडणी. विहीर, पंप, पाटाजवळची कलमं, प्रत्येकाची एक नोंद. मजकुरात ते नाव आलं की दुहेरी चौकटी कंसात टाकायचं: [[विहीर]]. एप्रिलमध्ये गाळ काढायला माणसं आली तेव्हा मी ‘विहीर’ उघडली. त्या नोंदीकडे येणाऱ्या दुव्यांत ऑक्टोबरमधलं बाबांचं बोलणं निघालं: झरा पूर्वेच्या कोपऱ्यात आहे, तिथे दगड टाकू देऊ नका. ते मी पंपाच्या खर्चाच्या नोंदीत ओघात लिहून गेले होते. टॅग असता तर ते ‘खर्च’मध्येच राहिलं असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करावी. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दच बदलतो. ‘विहीर’ शोधलं तर ‘विहिरीत’ सापडत नाही, कारण दीर्घ ‘ही’चं ऱ्हस्व ‘हि’ झालेलं असतं. म्हणून प्रत्येक मुख्य नोंदीच्या गुणधर्मांत (Properties) पर्यायी नावं (aliases) भरून ठेवा: विहिरीत, विहिरीला, विहिरीचा. मग कंस उघडून ‘विहिरीत’ लिहिलं आणि समोर येणाऱ्या यादीतून निवडलं की दुवा मूळ नोंदीलाच जोडला जातो आणि वाक्यही मोडत नाही. निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांकांनी एकमेकींना जोडल्या होत्या. नावाऐवजी क्रमांक असला की शब्दाचं रूप बदलण्याचा प्रश्नच येत नाही. पण मला नावं हवीत, नोंद मोठ्याने वाचता आली पाहिजे.

इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टंकताना चौकटी कंसांच्या कळांवर ‘ड’ आणि नुक्ता आहे, त्यामुळे दर दुव्याला भाषा बदलावी लागते. फोनवर मात्र कळफलकाच्या वर दुव्याचं बटण असतं, म्हणून बागेतल्या नोंदी मी तिथेच उभी राहून करते.

नोंदी ठिपक्यांनी आणि दुवे रेघांनी दाखवणारा आलेख पहिले काही दिवस रोज पाहायचे, आता उघडत नाही. फाइली साध्या मजकुराच्या आहेत हे जास्त मोलाचं. मे महिन्यात अख्खा फोल्डर भावाला दिला. त्याने तो नोटपॅडमध्ये वाचला आणि दोन कलमांची वयं दुरुस्त करून परत पाठवला.